वाढत्या अंगाचे टायर

गाडीला कोणत्या मापाचे टायर लावावेत, हा ज्यांच्या लेखी प्रश्नच नाही अशा मंडळींविषयी आजवर कुणी चार शब्द चांगले लिहिलेले नाहीत. त्यांचे उत्तर ठरलेले असते : आत्ता आहेत त्याहून मोठे. शाळेचा गणवेश दर जूनमध्ये वाढत्या अंगाचा शिवून घेतलेली ही पिढी आहे. गाडीचे अंग वाढत नसते हे तिला कळते, पण एवढ्याशा कारणावरून संस्कार सोडायचे नसतात. गाडी ‘भरलेली’ दिसली पाहिजे, हे एकच सूत्र या मंडळींनी प्राणपणाने जपले आहे. त्याचा यथोचित गौरव व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ड्रायव्हरचे दार उघडले की आतल्या खांबावर एक लहानसा स्टिकर दिसतो. टायरचे माप कोणते आणि हवा किती, हे त्यावर छापलेले असते. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच ते छापले असल्यामुळे त्यात आपलेपणाने भर घालायला वाव नसतो. म्हणून आपला हौशी गृहस्थ तो न वाचता थेट बाजारात जातो. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ला आहे, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी स्टँडजवळ एक दुकान आहेच. दुकानदार गाडीभोवती एक चक्कर मारतो, चाकापाशी उकिडवा बसतो आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालतो. “चार बोटं गॅप आहे साहेब. सतरा इंची आरामात बसतील.” बोटे दुकानदाराची, गॅप कंपनीचा आणि पैसे साहेबांचे, असे हे त्रिपक्षीय शास्त्र आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तीन माणसे बसल्यावर त्या फटीचे काय होते, हे विचारायचे नसते. विचारलेच तर दुकानदार “काही होत नाही” असे सांगतो आणि शंकेचे निरसन होते.

या शास्त्राला काही विरोधकही आहेत. त्यांचे म्हणणे असे की टायरच्या कडेवर जे माप लिहिलेले असते, ते वाचून सहावीतल्या मुलालाही हिशोब करता येतो. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत तीन परिमाणे घातल्यावर सामान्य माणूस त्या ओळीच्या वाटेला जाणार नाही, असा कुणाचाही समज होईल. पण विरोधक चिवट असतात. ते १८५ चे ६५ टक्के काढतात : १२० मिलिमीटर. वरची आणि खालची कड मिळून २४०. पंधरा इंचांचे ३८१. एकूण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर. मग ते म्हणतात, रिम हवे तर मोठे घ्या, पण ही एकूण उंची जागची हलू देऊ नका. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

वर ते कंपनीचाच दाखला देतात. काही वर्षांपूर्वीच्या स्विफ्टमध्ये स्वस्त मॉडेलला १६५/८० आर १४ आणि महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येत. हिशोब केला तर पहिल्याची उंची ६२० आणि दुसऱ्याची ६२१.५ भरते. रिम एक इंचाने वाढले, रुंदी २० मिलिमीटरने वाढली, पण चाकाचा घेर होता तिथेच राहिला. याच रीतीने १९५/५५ आर १६ घेतले तर पुन्हा ६२१. म्हणजे रिम जितके वाढवाल तितके रबर कमी करा, असा हा हिशोबी उपदेश. यात आनंद कुठे आहे? चाळीस-पन्नास हजार मोजून गाडी एक बोटभरही वर उठणार नसेल, तर सोसायटीतल्या लोकांना कळणार कसे?

म्हणून आपला गृहस्थ २१५/५५ आर १७ घेतो. उंची ६६८ मिलिमीटर. मूळ मापापेक्षा साडेसात टक्के जास्त. आता एकेक लाभ मोजू.

पहिला लाभ वेगाचा. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाल्याची बातमी त्याला कुणी कळवत नाही. कंपनीने खऱ्यापेक्षा कमी वेग दिसू नये म्हणून काटा मुळातच थोडा पुढे ठेवलेला असतो. ही भीड टायर बदलून एका दुपारीत मोडता येते. काट्याने १०० दाखवले की निव्वळ हिशोबाने गाडी १०७ च्या पुढे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर १०० ची मर्यादा आहे. आपला गृहस्थ ती निष्ठेने पाळतो, काट्यावरची नजर हटवत नाही, आणि घरी येऊन मोबाइलवर चलन पाहतो. कॅमेऱ्याला टायरचे माप माहीत नसते, गृहस्थाला तर नसतेच. त्यामुळे सरकार लुटारू आहे, या निष्कर्षावर तो शांतपणे पोचू शकतो.

दुसरा लाभ ॲव्हरेजचा. किलोमीटर मोजणारा आकडाही त्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणून तो प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो. टाकी तेवढीच रिकामी होते, अंतर मात्र कागदावर घटते. त्यात जड चाक फिरवायला खरोखरच थोडे जास्त पेट्रोल लागते, ते वेगळे. गृहस्थ नेहमीचा पंप बदलतो, मग दुसरा बदलतो, आणि पेट्रोलमध्ये भेसळ आहे हे सिद्ध करतो. पिकअप मेल्याचे खापरही भेसळीवरच फुटते. चाक मोठे झाले की प्रत्येक गिअर थोडा लांबतो आणि घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागते, ही यंत्रशास्त्रातली कारणे झाली. भेसळीच्या कारणात जी चीड आणि जो जिव्हाळा आहे, तो त्यांत नाही.

तिसरा लाभ श्राव्य आहे. खंबाटकी घाटात, पाच माणसे आणि डिकीत सामान असताना, वळणावर ‘खर्र’ असा आवाज येतो. टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासत असतो. दुकानदार म्हणतो, “लायनरच चुकीचा आहे.” मग हेक्सा ब्लेडने लायनर कापला जातो आणि तरीही घासले तर मडगार्डची आतली कड ठोकून वर वळवली जाते. माप चुकले म्हणून टायर बदलणारे लोक भित्रे असतात. माप चुकले म्हणून गाडी बदलून घेणारा खरा.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. यांना एकूण उंचीचा हिशोब येतो आणि म्हणून ते अधिक धोकादायक पातळीवर आनंदी असतात. हे २०५/४५ आर १७ घेतात. उंची ६१६, म्हणजे एका टक्क्याच्याही आत, गणित निर्दोष. फक्त रस्ता आणि रिम यांच्यामधल्या रबराची कड १२० वरून ९२ मिलिमीटरवर आलेली असते. मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, तेही वाचनीय आहे. मूळ टायरवर ८८ असते, म्हणजे एका टायरला ५६० किलो भार चालतो. या नव्या मापात साधा टायर घेतला तर बहुधा ८४ मिळते, म्हणजे ५०० किलो. दर चाकामागे ६० किलो गेले. पण त्यापुढचे ‘व्ही’ अक्षर पाहा : ताशी २४० किलोमीटरपर्यंत हमी. चार माणसे घेऊन संध्याकाळी सिंहगड रोडवर अडकलेल्या गृहस्थाला भार वाहता आला नाही तरी चालेल, २४० चा दिलासा मोठा असतो.

पावसाळ्यात या टायरांची खरी शोभा. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक आत जाते, आणि जो धक्का एरवी रबराने पचवला असता तो रिमला थेट भेटतो. दुसऱ्या दिवशी टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलेला असतो. आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि त्याला पंक्चरचे ठिगळ चालत नाही. टायर नवाच घ्यावा लागतो. मॅगव्हील वाकलेले असते, त्याला मात्र उपाय आहे. वाकलेली मॅगव्हील तापवून, दाबून सरळ करून देणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदा शहराशहरांत उभा राहिला आहे. खड्डे महापालिकेचे, हौस आपली आणि रोजगार तिसऱ्याच माणसाला : इतकी निःस्वार्थ योजना सरकारलाही सुचली नसती.

रिमच्या बाबतीत तर श्रद्धेची कसोटीच लागते. चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास बहुतेक लहान गाड्यांना १०० मिलिमीटर असतो. फियाट पुंटोला तो ९८ आहे. “दोन मिलिमीटरच तर!” असे म्हणून शंभरचे रिम अठ्ठ्याण्णववर आवळणारे हात या देशात आहेत. बोल्ट तिरके बसतात, पण बसतात. मधल्या भोकाचेही तसेच. मारुतीच्या लहान गाड्यांचा हब ५४ मिलिमीटरचा आणि सगळ्यांना चालावे म्हणून बाजारातल्या रिमचे भोक कित्येकदा ७३ चे. मधली पोकळी भरायला काही रुपयांची एक रिंग मिळते. पन्नास हजारांच्या खरेदीत ही रिंग नेमकी राहून जाते, मग ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग पुन्हा बॅलन्सिंग. प्रत्येक वेळी दुकानात चहा मिळतो.

स्टेपनीकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती डिकीत गालिच्याखाली जुन्याच मापाची, जुन्याच लोखंडी डिस्कवर पडून असते. रात्री घाटात पंक्चर झाले की ती बाहेर येते. एका बाजूला ६६८, दुसऱ्या बाजूला ६२१. गाडी कुर्निसात करत चालते. मॅगव्हीलबरोबर आलेले नट त्या डिस्कला नीट टेकत नाहीत आणि जुने नट घरी माळ्यावर असतात, हे अशा वेळी समजते.

कायद्याचे भय दाखवणारेही भेटतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करू नका, असे सांगते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण ही न्यायालयाची गोष्ट झाली. विमा कंपनीचा सर्व्हेअर अपघातानंतर चाकापाशी वाकून टायरच्या कडेवरचे आकडे वहीत उतरवून घेतो, तेव्हा ते आकडे गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असतो. ज्ञानाला वय नसते.

यथावकाश गाडी विकायची वेळ येते. गिऱ्हाईक म्हणते, ओरिजिनल चाके असतील तर घेतो. ती चाके पहिल्याच दिवशी ‘एक्स्चेंज’मध्ये दुकानदाराला कवडीमोलाने दिलेली असतात. तशीच चाके त्याच दुकानातून, आता चालू भावाने, विकत आणली जातात. गाडी पुन्हा पूर्वीसारखी दिसू लागते आणि मीटरवरचा आकडाही गिऱ्हाइकाला पसंत पडतो. मोठे टायर लावल्यापासून मीटर ५०,००० ने पुढे सरकला असेल, तर गाडी प्रत्यक्षात ५३,७५० किलोमीटर धावलेली असते. पावणेचार हजार किलोमीटर कुठेच नोंदले गेलेले नाहीत. गृहस्थ “फार चाललेली नाही हो” असे शपथेवर सांगतो, आणि यात लबाडी मुळीच नाही. लबाडी करायलाही गणित यावे लागते.