पायापुरता उजेड

आर्णीच्या एका शाळेत 24 वर्षं विज्ञान शिकवलेल्या सरांनी रविवारी सकाळी गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकं घातलं. बाहेर उरलेल्या दोन पायांवरून गल्लीनं निदान केलं, की गाडी बंद पडली. गाडी बंद पडली नव्हती. ती अजून पडायची होती.

निमित्त चपलेचं झालं. बाबा कंबलपोषांच्या यात्रेतून रात्री परतताना त्यांच्या पत्नीची, म्हणजे बाईंची, एक चप्पल सीटखाली गेली आणि अंधारात चाचपताना हाताला फुटाणे, सोयाबीनचे दाणे, कापसाचा पुंजका आणि पेट्रोलची जुनी पावती एवढं सगळं लागलं. चप्पल तेवढी लागली नाही. सरांनी तिथंच ठरवलं, की दार उघडताच गाडीत पायाशी उजेड पाहिजे.

तसं पाहिलं तर वऱ्हाडात खूर असलेलं किंवा चाक असलेलं काहीही न सजवता दारात उभं करायची रीतच नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली तेव्हा गोंडे तिकडे गेले, सोबत निळे-हिरवे दिवे आणि पलीकडच्या शिवारात ऐकू जाणारा डेक आला. फरक इतकाच, की बैल गावानं बघावा म्हणून सजतो आणि सरांना उजेड पाहिजे होता तो डॅशबोर्डच्या खाली, स्वतःच्या दोन पायांपुरता. हा त्यांचा तान्हा पोळाच म्हणायचा.

रंगावरून घरात चर्चा झाली. सरांचं मत लाल. अंधाराला सरावलेली नजर लाल उजेडात फारशी बिघडत नाही, हे शास्त्र खरं आहे आणि सरांनी ते पूर्ण सांगितलंही. बाई म्हणाल्या, "मंत्र्यायचा लाल दिवा 2017 च्या 1 मेले गेला, अन् तुमी आता पायाखाली लावता?" निळा ठरला. निळ्याचा मान तसा मोठाच. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी 1962 साली निक होलोन्याक यांनी केला, पण झगझगीत निळ्यासाठी जगाला 1990 चं दशक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातला पांढरा एलईडीसुद्धा बहुधा पिवळा लेप चढवलेला निळाच असतो. तिघा शास्त्रज्ञांचं ते तप आर्णीत चप्पल शोधायच्या कामी येणार होतं.

एलईडीची पट्टी आली आणि सर हरखले. दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण! म्हणजे तीन दिवे आणि रोध यांची एकसर जोडणी, आणि असे तुकडे एकमेकांना समांतर. वर्गातला धडाच कुणीतरी डिंक लावून विकला होता. दिव्याला 3.2 व्होल्ट, तिघांचे 9.6, बॅटरीच्या 12 मधून उरले 2.4, तो रोधाचा वाटा. हिशेब चोख होता, फक्त गाडी उभी असतानाचा. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर 14.4 पर्यंत चढतो, रोधाच्या वाट्याला 4.8 येतात आणि दिव्यांतून जाणारी धारा जवळपास दुप्पट होते. स्वस्तातल्या पट्ट्या चार महिन्यांत डोळे मिचकावू लागतात, त्यामागं हे एक कारण असतं. गाडी सुरू केल्यावर काय होतं, हा प्रश्न 24 वर्षांत एकाही पोट्ट्यानं विचारला नव्हता. सरांनी रोध वाढवला.

पुढं फ्यूज. एवढा एक मुद्दा थट्टेवारी न्यायचा नाही. आपल्या घराघरांत जुन्या वायरीची तार पिळून फ्यूज बांधणारा एक तज्ज्ञ असतो; त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नये. गाडीत लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. फ्यूज दिव्याला नव्हे, वायरीला वाचवतो. पट्टीची दोऱ्यासारखी वायर थेट 15 च्या फ्यूजवर टांगली आणि कुठं शॉर्ट झाली, तर फ्यूज सुखरूप राहू शकतो आणि वायर पेटू शकते. सरांनी पट्टीपुरता 1 अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकला, वायर पेडलच्या वाटेत येणार नाही अशी बांधली, एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावला नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण.

मग त्यांनी मायनस गाडीच्या पत्र्याला दिलं.

दिवे लागले, बाईंनी कौतुक केलं, शेजारची पोरं वाकून बघून गेली. दार लावल्यावर दिवे विझले नाहीत, हे भर उन्हात कुणाच्या लक्षात येणार? संध्याकाळी सर आणि बाई ट्रॅव्हल्सनं मुलाकडे पुण्याला गेले, ते 8 दिवसांसाठी. इकडे बंद दाराआड निळी दिवाळी चालू होती. पट्टीचा खर्च फार तर 240 मिलीअँपिअर, बॅटरी 35 अँपिअर-अवरची. कागदावर 146 तास, म्हणजे सहा दिवस आणि दोन तास. सरांनी हा हिशेब परत आल्यावर, चावी फिरवून गाडीनं हूं की चूं न केल्यावर मांडला.

गाडी ढकलायला आलेल्यांत त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता. आता तो गाड्यांचं वायरिंग करतो. त्यानं डॅशखाली एकदा पाहिलं. "सर, तुमी मायनस बॉडीले देला. दाराच्या वायरले द्या लागत होता." पुष्कळ गाड्यांत दाराचं बटण मायनसच्या बाजूला असतं, दार उघडलं की तेच पत्र्याला टेकतं आणि मंडल पूर्ण होतं. फळ्यावर सर कळ नेहमी प्लसशेजारी काढत आले होते. आता अख्खी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. "फरक पडत नाही" हे त्यांचं वर्गातलं वाक्य त्यांनी गिळलं.

वायर बदलली आणि काम फत्ते झालं. पुढं मे महिन्यात चिकटपट्टीनं मान टाकली, ती रात्री अरुणावतीच्या पुलापलीकडे. काहीतरी गार, लांब आणि सळसळतं घोट्यावर पडलं. साप! सरांनी कचकन ब्रेक मारला आणि गाडीबाहेर उडी घेतली. दार उघडताच सापाच्या पाठीवर ओळीनं निळे दिवे लागले.

हे त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून गावभर झालं. पण पसरलं ते वेगळ्याच अर्थानं. दुसऱ्या दिवशी लोणबेहळकडचे एक शेतकरी दारात हजर. "सर, तुमी मस्त लायटिंग करता म्हंते. आमच्या ट्रॅक्टरलेबी करून द्या."

सरांचा चेहरा उजळला. "सोपं आहे. मायनस दाराच्या बटणावरून काढू."

शेतकऱ्यानं टोपी मागं सारली. "ट्रॅक्टरले दार कोठी रायते जी?"