बॅलन्स रॉड आणि कुटुंबवत्सल सेडान

अँटी-रोल बार म्हणजे गाडीच्या पोटाखाली आडवा बसवलेला, दोन्ही टोकांना काटकोनात वळवलेला पोलादी गज. त्याची टोके लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. मधला भाग रबरी बुशांत धरून सांगाड्याला कसलेला असतो. अमेरिकेत त्याला स्वे बार म्हणतात, कंपनीच्या माहितीपुस्तकात स्टॅबिलायझर आणि गॅरेजात बॅलन्स रॉड. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून वळणावर गाडी किती झुकावी याबद्दल इंजिनिअर, चालक आणि मागच्या सीटवरची मंडळी यांचे एकमत झालेले नाही.

बारचे काम समजायला सोपे आहे. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली, म्हणजे गाडी गतिरोधकावर सरळ चढली, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो आणि काहीही करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवण्यासाठी तो दोन्ही चाकांना एका पातळीत आणू पाहतो. नियम एकत्र कुटुंबाचा आहे: एकाला झालेला त्रास दुसऱ्याला वाटून दिल्याशिवाय घर शांत होत नाही. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते तेव्हा बाहेरचे चाक बॉडीच्या जवळ येते, आतले लांब जाते आणि बार कामाला लागतो. तसा गतिरोधक हा त्याचा विश्रांतीचा काळ. पण महाराष्ट्रात गतिरोधक सरळ ओलांडणे कमीपणाचे समजले जाते. कडेला पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून एका बाजूची चाके काढून निम्मा गतिरोधक वाचवण्याची रीत आहे आणि तो वाचलेला निम्मा सगळा बारच्या अंगावर येतो.

सेडान घेताना घरातले सगळे मिळून डिकी पाहतात, मागे पाय किती पसरतात ते पाहतात, मायलेज विचारतात आणि रंगावरून भांडतात. बारची जाडी कोणी विचारत नाही. ती आठवते गाडीचे हप्ते निम्म्यावर आल्यावर, ताम्हिणी घाटात एखादी जुनी हॅचबॅक वळणातच पुढे निघून गेली की. त्या रात्री घरातला कर्ता पुरुष ‘हँडलिंग’ हा शब्द वापरू लागतो. उपाय तीन असतात. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली तर ती सोसायटीच्या फाटकातच घासते आणि वॉचमनला कळते. रुंद टायर आणि अलॉय व्हील घेतली तर किंमत घरात कळते. जाड बार गाडीखाली लपतो आणि कोणालाच दिसत नाही. कौटुंबिक सेडानमध्ये या सुधारणेला एवढी पसंती का, याचे हे कारण यांत्रिकीच्या पुस्तकांत सापडत नाही.

बार जाड केला की वळणावर बाहेरच्या चाकांवर पडणारा भार कमी होतो, असा समज आहे. तो चूक आहे. गाडी १,२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर आणि वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर २२० किलो भार सरकतो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वळणातला वेग यांवरून ठरतो, आणि बारला त्यात मत नाही. बार १५ मिलिमीटरचा असो की ३०चा, २२० किलो सरकणारच. कोकणातून येताना छतावरच्या कॅरिअरला बांधलेल्या आंब्याच्या पेट्या उतरवल्या तर मात्र गुरुत्वमध्य खाली येतो आणि आकडा खरोखरच घटतो. या सुधारणेला सुटे भाग लागत नाहीत, त्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

बारच्या हाती एकच गोष्ट असते: सरकलेल्या भारापैकी किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. इथे टायरचा स्वभाव आड येतो. भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून एका ॲक्सलवरची दोन चाके सारखा भार वाहताना मिळून जेवढी पकड देतात, तेवढी एक दबलेले आणि एक हलके असताना देत नाहीत. ज्या ॲक्सलचा बार कडक, त्या ॲक्सलवर भार जास्त सरकतो आणि त्याचीच पकड आधी संपते. एवढे ध्यानात घेतले की शास्त्र संपले. उरतात ते नटबोल्ट.

पुढची चाके ओढणाऱ्या सेडान कंपन्या मुद्दाम अशा बनवतात की वळणात पकड आधी पुढून सुटावी. यालाच अंडरस्टीअर म्हणतात. स्टीअरिंग वळवले तरी गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग आणि पुढचा भार दोन्ही जागेवर येतात आणि गाडी पुन्हा वळते. घाबरणे हाच इथे योग्य उपाय आहे आणि तो कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवावा लागत नाही. हौशी मंडळींना हाच गुण कंटाळवाणा वाटतो. म्हणून ती मागचा बार जाड करतात. मागच्या ॲक्सलवर भार जास्त सरकतो, पुढची चाके मोकळी होतात आणि गाडी वळणात चटकन नाक घालते. अनुभव सुखाचा असतो, यात वाद नाही. फक्त तो मर्यादेपलीकडे गेला की पकड मागून सुटते, आणि त्या वेळी घाबरून पाय उचलला तर मागचा भाग आणखी फिरतो. कोरड्या रस्त्यावर ही मर्यादा दूर असते. जूनच्या पहिल्या सरीत, धूळ आणि डिझेल यांचा लेप बसलेल्या घाटात ती पुढच्या वळणावर उभी असते.

पुढचा बार एकट्याने जाड करण्याचा उद्योग सहसा वाया जातो. त्याने अंडरस्टीअर वाढतो. शिवाय घाट चढताना अरुंद वळणात आतले पुढचे चाक हलके होऊन जागच्या जागी फिरू लागते आणि मागून येणाऱ्या एसटीला हॉर्नसाठी कारण मिळते. याला एक अपवाद आहे. मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचे सस्पेन्शन असलेल्या गाडीत बॉडी झुकली की बाहेरचे चाकही बाहेर झुकते आणि टायर एका कडेवर चालतो. झुकणे कमी केले तर टायर सपाट टेकतो, आणि काही गाड्यांत हा फायदा आधीच्या तोट्याला मागे टाकतो. नेमक्या कोणत्या गाड्यांत, हे चालवून पाहिल्यावरच कळते. विकणाऱ्याला ते सगळ्याच गाड्यांबद्दल आधीपासून ठाऊक असते.

जाडीचा हिशेब फसवा आहे. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२चा बार घातला तर दिसायला फरक २ मिलिमीटरचा, पण ताठरपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. २५चा घातला तर तो जवळजवळ अडीच पट होतो. याच नियमाची उलटी बाजू म्हणजे पोकळ बार: बाहेरच्या व्यासाच्या निम्मे भोक आतून पाडले तर वजन २५ टक्के घटते, ताठरपणा मात्र ६ टक्क्यांच्या आसपासच. काही बारांच्या टोकाला दोन-तीन भोके असतात. लिंक रॉड आतल्या भोकात लावला की तरफेचा हात आखूड होतो आणि बार अधिक कडक. ही भोके मालकाला पुढची कितीतरी वर्षे रविवारचा उद्योग पुरवतात.

४६ टक्के हा आकडा ऐकून गाडी ४६ टक्के कमी झुकेल असे वाटते. तसे होत नाही, कारण झुकणे रोखण्याच्या कामात स्प्रिंगचाही हात असतो. समजा एकूण विरोधात मागच्या बारचा वाटा १५ टक्के आहे. मग बार ४६ टक्क्यांनी कडक केल्यावर एकूण विरोध ७ टक्क्यांनी वाढतो आणि वळणावर ३ अंश झुकणारी सेडान २.८ अंश झुकू लागते. हा ०.२ अंश मालकाला स्पष्ट जाणवतो. तो इतर कोणाला जाणवत नाही. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला धरायला काहीच नसते, आणि ती जागा घरात सर्वांत लहान असलेल्याला किंवा सर्वांत नव्याने आलेल्याला मिळते. त्या व्यक्तीला जाणवतो तो झुकण्याचा कोन नव्हे, तर आडवा जोर. नव्या बारच्या भरवशावर वळणे जोरात घेतली जातात, त्यामुळे तो वाढलेला असतो. मळमळीचेही असेच आहे. तिला सर्वांत पोषक हालचाल म्हणजे सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे पाच सेकंदांत एकदा होणारा संथ झोल. घाटातली डावी-उजवी वळणे साधारण याच लयीत येतात. ती लय ठरवते चालकाचा पाय, बार नव्हे. आलेपाकाची वडी अजूनही जास्त गुणकारी आहे.

एवढा अभ्यास करून बाजारात गेल्यावर बहुतेकांना कळते की मागे बदलण्याजोगा बार मुळात नाहीच. डिझायर, सिटी, व्हर्ना, व्हर्टस या सेडानच्या मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा हा आडवा भाग स्वतःच पिळला जातो आणि बारचे काम करतो. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून ही रचना जगभर पसरली, कारण ती स्वस्त आहे, जागा कमी खाते आणि डिकी मोठी ठेवते. अशा गाडीला खालून जादा बार कसता येतो, पण तो काढता-घालता येणारा पाहुणा असतो. २००६ साली भारतात आलेल्या होंडा सिव्हिकच्या मागे मात्र स्वतंत्र सस्पेन्शन आणि सुटा बार होता. ज्यांना हा छंद करायचाच आहे त्यांनी असली गाडी शोधावी. जमिनीपासून तिची उंची बेताची होती, ते मात्र सोसावे.

सस्पेन्शनशी खेळणे जबाबदारीचे काम आहे, हे मोठ्या कंपन्यांनाही शिकावे लागले आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हर्ल्ड’ या मासिकाने मर्सिडीजची नवी ए-क्लास मूस चाचणीत उलटवली. रस्त्यात अचानक सांबरासारखा धिप्पाड प्राणी आला असे मानून गाडी झटक्यात एकीकडे आणि लगेच परत वळवायची, अशी ही चाचणी असते. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि घसरण सावरणारी ईएसपी यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांना दिली. स्वीडनमध्ये चाचणीच्या वेळी प्राणी काल्पनिक असतो. आपल्याकडे म्हैस खरी असते आणि ती परत वळायला जागा ठेवत नाही.

कडक बारचा खरा हिशेब खड्डे मागतात. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की धक्का बारमधून दुसऱ्या बाजूला पोहोचतो आणि गाडीतली सगळी डोकी एका तालात डावी-उजवी डोलतात. खडकाळ वाटांसाठी बनवलेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये म्हणूनच बटण दाबून पुढचा बार सोडवायची सोय आहे. सेडानमध्ये तसे बटण नाही. म्हणून ज्यांचा रोजचा रस्ता पालिकेच्या हद्दीतून जातो त्यांनी मूळ बारच ठेवावा, हे प्रस्तुत लेखाचे मत आहे. गाडी अलीकडेच जास्त झुकू लागली असेल, किंवा खडबडीत रस्त्यावर पुढून टकटक वाजत असेल, तर दोष बारच्या जाडीत नसून झिजलेल्या लिंक रॉडमध्ये आणि सुकलेल्या बुशांत असतो. हे दोन्ही बदलायचा खर्च नव्या बारपुढे किरकोळ असतो आणि फरक जास्त जाणवतो.

तरीही ज्यांना जाड बार बसवायचाच आहे, त्यांनी लिंक रॉडही नवे आणि दणकट घ्यावेत, कारण वाढलेला ताण पहिल्यांदा तेच खातात. पॉलियुरेथेनच्या बुशांना सिलिकॉन ग्रीस लावावे, नाहीतर प्रत्येक वळणावर गाडी कुरकुरते. मूळ रबरी बुशांना साधे पेट्रोलियम ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगून खराब होते. लिंक रॉडचे नट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण कसू नयेत, चाके जमिनीवर टेकवून कसावेत. काही शे किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत. हे काम बहुतेक गॅरेजवाले फुकट करून देतात, फक्त गाडी घेऊन जावे लागते.