मधला व्यवहार गाळून

क्लेस ओल्डनबर्ग या अमेरिकी शिल्पकारानं १९६२ साली एक बर्गर केला. कॅनव्हासचा, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी कोंबलेला, वरून रंगवलेला आणि आडवा सात फूट. एखाद्या माणसानं जेवणानंतर त्यावर सुखानं वामकुक्षी करावी. टोरांटोच्या कलासंग्रहालयानं १९६७ मध्ये तो विकत घेतला, तेव्हा कलेच्या विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून केचपची भलीमोठी बाटली करून आणली. मला त्यात निषेध काही दिसत नाही. पोरांनी शिल्प पूर्ण करून दिलं, एवढंच.

पुढं त्यानं टाइपरायटर केला, १९६६ मध्ये चक्क कमोड केला. व्हिनाइलचा, आत कपोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा चुलतभाऊ. रात्रभर जागलेले वऱ्हाडातले काका जसे खुर्चीत मान टाकतात, तसा तो कमोड बसला आहे. कापूस भरला की वस्तूचा रुबाब उतरतो, ही यातली खरी गंमत. टाइपरायटरपुढं कारकुनाची भाषासुद्धा ताठ व्हायची. त्याच्याच कळा लोंबायला लागल्यावर ‘विषयांकित प्रकरणी’ कोण बडवणार?

हे सगळं शिवायचं काम बरंचसं पॅटी करायची, त्याची तेव्हाची बायको. कल्पना त्याची, शिलाई तिची, संग्रहालयातल्या पाटीवर ठळक नाव त्याचं. कल्पना सुचायला एक कप चहा पुरतो. सात फुटांचं जाड कापड मशीनखालून ढकलायला पाठ लागते आणि (ही माझी खात्री) एखादी शिवीही.

आमच्या वहिनी दोन्ही कामं स्वतःच करतात. दादाच्या निवृत्त सफारीचा त्यांनी प्रेशर कुकर केला. एरवी तो सफारी बोहारणीकडे गेला असता आणि बदल्यात एखादं पातेलं आलं असतं. वहिनींनी मधला व्यवहार गाळला.

वाटतं तितकं हे सोपं नाही. शिवणीला माया सोडायची, गोलाईवर कात्रीनं बारीक काप द्यायचे, नाहीतर सुलट केल्यावर चुण्या पडतात. मूठभर तोंड उघडं ठेवून सगळं उलथायचं आणि पेन्सिलीच्या बोथट टोकानं आधी कानाकोपरे भरायचे, पोट शेवटी. पोट आधी भरलं की हँडल उपाशी राहतं. कापूस कमी पडला तर चार दिवसांत कुकर खचतो; जास्त झाला तर शिवण दात दाखवते. झाकणाभोवतीची खाच हवी म्हणून गादीवाला घालतो तसे आरपार टाके, ताणून गाठ. एवढं करूनही तो जरा डावीकडे कललाच. वहिनींच्या मते सफारीत असताना दादाही तसाच कलायचा.

घरी येणारा प्रत्येक जण तो आधी दाबून बघतो. दगडाच्या मूर्तीला हात लावू नका असं लिहावं लागतं; कापडाच्या वस्तूशेजारी तशी पाटी लावणं म्हणजे क्रूरपणा. सोसायटीतल्या एका आजोबांनी मनसोक्त दाबून झाल्यावर विचारलं, “पण याचा उपयोग काय?” वहिनी म्हणाल्या, “शिट्टी होत नाही.”

लुईज बूर्ज्वा या शिल्पकर्तीनं ऐंशी ओलांडल्यावर स्वतःचे वर्षानुवर्षं जपलेले कपडे कापून, शिवून शिल्पं केली. हे नाव वहिनींनी पाठ करून ठेवलंय. दादा ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांचा विषय काढू लागला की त्या ते उच्चारतात आणि दादा गप्प होतो. बाई कोण, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.

माझा रुबाबाचा सिद्धांत मात्र मृणालिनी मुखर्जींपाशी आडवा होतो. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या या बाईंनी रंगवलेल्या दोरखंडातून, माग न वापरता, हातानं गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. नावं ‘यक्षी’, ‘वनश्री’ अशी. दोर तिथंही लोंबतो, घड्या पडतात, पोट सुटतं. आणि तरी दाबून बघायचा विचार मनात येत नाही, पायातल्या चपला काढाव्यात असं वाटतं. तोच मऊपणा कमोडला गरीब करतो आणि यक्षीला आणखी जबर. का, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. वहिनींना फोटो दाखवला. त्या बराच वेळ गाठी न्याहाळत राहिल्या आणि म्हणाल्या, “खांदे किती भरून येत असतील हो बाईंचे!” इतकी नेमकी कलासमीक्षा मी मासिकांत वाचलेली नाही.

सध्या घरात लोखंडी कपाटाचं काम चाललंय. जुन्या करड्या पडद्यांचं, उंची पुरी सहा फूट. भिंतीचा आधार काढला की ते बसकण मारणार, हे सगळ्यांना माहीत आहे. परवा काका पाहणीला आले. सगळीकडून दाबून झाल्यावर म्हणाले, “सूनबाई, कुलूप कुठाय?”

वहिनींनी काज आणि बटण दाखवलं.

“आणि चोरानं बटण तोडलं तर?”

“नेऊ दे की काका, पाच किलो कापूस.”