हजर इसमाची गैरहजेरी

नोटरी म्हणजे नोटरी अधिनियम, 1952 अन्वये केंद्र किंवा राज्य शासनाने नेमलेला अनुभवी वकील. त्याचे काम तसे पाहिले तर सरळ आहे: समोर आलेला इसम तोच आहे याची खातरी करणे, त्याची सही आपल्यादेखत घेणे आणि नोंदवहीत नोंद करून दस्तावर शिक्का उमटवणे. दस्तातला मजकूर खरा की खोटा, याची हमी हा शिक्का देत नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे लोकमत मात्र याच्या नेमके उलट असून, शिक्का पडला की मजकूर खरा होतो आणि मजकूर खरा होणारच असल्यामुळे इसमाने समोर येण्याचे काही कारण उरत नाही, अशी येथील दृढ श्रद्धा आहे.

या श्रद्धेचा प्रत्यक्ष विधी न्यायालयाबाहेरच्या टेबलांवर पाहता येतो. प्रतिज्ञापत्राचा, म्हणजे शपथेवर लिहून द्यावयाच्या कागदाचा, मसुदा संगणकात तयारच असतो. नाव, वय, धंदा आणि राहणार एवढे बदलले की काम झाले. घाईत पहिल्या परिच्छेदातले नाव बदलते आणि चौथ्यातले राहून जाते, त्यामुळे डोंबिवली पूर्वेचा एखादा गृहस्थ शिधापत्रिका हरवल्याचे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देता देता मध्येच कोणा अनोळखी बाईंचे लग्नापूर्वीचे नावही जाहीर करून टाकतो, आणि खाली ‘वरील मजकूर वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे’ असे नमूद करून सही ठोकतो. मग एक पोरगा कागद घेऊन आत जातो आणि तिकीट, लाल गोल स्टिकर व तऱ्हेतऱ्हेचे शिक्के लेवून तो कागद बाहेर येतो; लिहून देणार त्या वेळी चहा पीत असतो. इसमाला समोर बसवून ओळखपत्र ताडून पाहणारे, वहीत त्याची सही घेणारे नोटरीही याच आवारात आहेत, परंतु ‘ते फार वेळ लावतात’ अशी त्यांची अपकीर्ती असल्याने जाणकार मंडळी तिकडे फिरकत नाहीत.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने 2012 मध्ये दूरस्थ नोटरीला मान्यता दिली. त्या पद्धतीत सही करणारा कॅमेऱ्यासमोर येतो, त्याची ओळख पटवली जाते आणि सगळ्या भेटीचे चित्रीकरण जपून ठेवले जाते. भारताच्या 1952 च्या अधिनियमात अशी तरतूद नाही, आणि केंद्रीय विधी मंत्रालयाने 2024 मध्ये सुरू केलेले नोटरी पोर्टल नोटरींच्या अर्ज-प्रमाणपत्रांसाठी आहे, नागरिकांच्या दस्तांसाठी नव्हे. तरीही ‘घरबसल्या नोटरी’ची हमी देणारे विपुल आहेत, व्हॉट्सॲपवर कागद पाठवावा, शिक्क्यासह परत घ्यावा. कॅमेऱ्याचा खर्चसुद्धा वाचवणारी ही सुधारणा व्हर्जिनियाला अद्याप सुचलेली नाही.

शासनाने या भक्तिभावाला आवर घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने 2004 मध्येच माफ केले. 2015 च्या शासन निर्णयाने स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन, म्हणजे आपल्या कागदाच्या प्रतीवर आपणच सही करून ती खरी असल्याचे सांगणे, पुरेसे ठरवले. लोक मात्र शंभराचा मुद्रांक घेतच राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचे किमान पाचशे झाले तेव्हा पाचशेचा घेऊ लागले. आणि 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरील शुल्क माफ झाल्याचे जाहीर केले. जे माफ होते ते माफ करण्यास 21 वर्षे लागली, ही प्रशासकीय चिकाटी दाद देण्याजोगी आहे.

घराच्या बाबतीत ही श्रद्धा महागात पडते. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. तरीही अनधिकृत चाळीतली खोली ‘नोटरी करून’ विकली-घेतली जाते, कारण नोंदणी कार्यालयात परवानग्यांची विचारणा होईल ही धास्ती दोन्ही पक्षांना असते. अर्थात परवानगीच्या कागदावर शिक्का दिसला म्हणूनही निर्धास्त होता येत नाही: महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, क्रमांक मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, आणि मग रहिवाशांवर दारोदार फिरण्याची पाळी आली.

सर्वांत मौज भाडेकराराची. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीचा, करार महाराष्ट्रात ऑनलाइन नोंदवता येतो, आणि एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन थेट घरी येतो. म्हणजे ज्या पद्धतीला ऑनलाइन म्हणतात तिथे माणसाचा अंगठा लागतो, आणि जिला प्रत्यक्ष म्हणतात तिथे माणूसही लागत नाही. महिना 15,000 रुपये भाड्याच्या 11 महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आतबाहेरच होते. नोंदणी शुल्क शहरी भागात 1,000 रुपये. तेवढे वाचवण्यासाठी पाचशेच्या कागदावर ‘नोटरी ॲग्रीमेंट’ करणाऱ्या घरमालकाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 55 एकदा वाचावे: नोंदणीची जबाबदारी त्याचीच आहे, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वाद उद्भवला तर करारातील अटींबाबत उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.