निसर्गदृश्यावर कोटी कशी करावी

निसर्गदृश्य टिपण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात भल्या पहाटे डोंगर चढून ढगांची मनधरणी करायची. दुसऱ्यात आदल्या दिवशी वाण्याकडे जाऊन यायचे. अमेरिकी छायाचित्रकार जॉन फाल (१९३९-२०२०) यांनी १९७०च्या दशकात ‘ऑल्टर्ड लँडस्केप्स’ ही मालिका करून दुसऱ्या मार्गाला कलादालनाचे दार उघडून दिले. होतकरूंनी तीच वाट धरावी.

साहित्य : व्ह्यू कॅमेरा, तिवई, दोरी, चिकटपट्टी, ॲल्युमिनियम फॉइल, हातभर लेस, ‘पाय’ भाजण्याचे ताट (पदार्थ अमेरिकी, स्वतःचे पाय सांभाळावेत) आणि न कुरकुरणारा मदतनीस.

कृती : आधी कॅमेरा रोवावा. मग साक्षात देव आला तरी हलवू नये. सगळी जादू त्याच जागेवरून चालते. फ्लोरिडात १९७७ साली फाल यांनी पाइनच्या खोडांना फॉइल गुंडाळली. दूरच्या खोडाला मोठा, जवळच्याला छोटा पट्टा लावला की कॅमेऱ्याच्या काचेवर सगळे एका मापाचे दिसतात आणि दृश्याची खोली नाहीशी होते. छायाचित्रकाराने काळ्या कापडात डोके खुपसून, उलट्या प्रतिमेकडे बघत ‘अजून बोटभर वर’ असे ओरडत राहावे. ‘वर’ म्हणजे खाली, हे मदतनिसाला आधीच सांगून ठेवावे. येणाऱ्याजाणाऱ्यांना स्पष्टीकरण देत बसू नये.

यानंतर थोरांची खोडी काढावी. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझचा प्रसिद्ध चंद्रोदय टिपला. ऐन वेळी प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती तोंडपाठ होती म्हणून निभावले. फाल यांनी १९७७मध्ये युटात ताट मांडले आणि चित्राला नाव दिले ‘मूनराइज ओव्हर पाय पॅन’. ताटाची दीप्ती कोणी पाठ करत नाही, तेव्हा प्रकाशमापक विसरू नये.

शीर्षकात कंजुषी नको. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फाल यांनी लाटेच्या फेसाला लेसची जोड दिली. नाव, ‘वेव्ह, लेव्ह, लेस’ : लाट, धुणे, लेस. इंग्रजीत दर शब्दाला एकच अक्षर बदलते. ‘ट्रँगल, बर्म्युडा’साठी मात्र बर्म्युडाचे तिकीट काढावे लागते.

ते परवडत नसेल तर खंडाळा गाठावा. तिथल्या कड्यात साहेबाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, आपल्या लोकांना नागाचा फणा. दोन मथळे आयते. फॉइलचा खर्च शून्य.

खबरदारी : जागेला ओरखडा उठू नये, ही फाल यांची अट होती. फॉइल सोलावी, दोरी गुंडाळावी, ताट घासून फडताळात ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यात कोणी पोहे खाल्ले तर कलेला बाध येत नाही.