कुलपाला वशिला चालत नाही

आपल्याकडे उघडत नाही असं काही नसतं, फक्त आत कुणीतरी ओळखीचं लागतं. शाळेचं ॲडमिशन, वेटिंगवरचं तिकीट, अडकून पडलेली सातबाऱ्याची नोंद; ‘साहेबांशी बोललोय’ एवढ्यावर सगळं मार्गी लागतं. त्यामुळे आपल्याच कॉम्प्युटरवरचा, आपणच एन्क्रिप्ट केलेला फोल्डर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून तोंडावर दार लावतो, तेव्हा फायली गेल्यापेक्षा ओळख चालली नाही याचाच धक्का मोठा बसतो.

आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी परवा रिपेअरवाल्याच्या काउंटरवर सीपीयू ठेवून उभे होते. मशीन स्लो झालं म्हणून तिथल्या पोरानं सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला होता. डी ड्राइव्हवरचा डेटा जागच्या जागी. फोल्डर दिसतोय, फायलींची नावं दिसतायत, साइजही बरोबर. उघडत मात्र एकही नाही, आणि प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात एवढंसं पिवळं कुलूप.

“अरे, बिल आहे माझ्याकडे. मशीन माझं, युजरनेम तेच, पासवर्डसुद्धा तोच टाकलाय.”

“काका, नाव तेच असलं तरी विंडोजसाठी तुम्ही नवीन माणूस.”

“मग जुन्याला बोलाव!”

पोरगं हसलं नाही. त्यानं प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फायलींची मालकी आधीच काकांच्या नावावर करून पाहिली होती. मालकी झाली, ताबा मिळाला नाही. ज्यांनी पुनर्विकासाच्या तीन कमिट्या पाहिल्यात, त्यांना खरं तर हे नव्यानं सांगायला नको.

विंडोजमधली फायली एन्क्रिप्ट करायची ही सोय, ईएफएस तिचं नाव, विंडोज २०००पासून आहे. तिची रचना जुन्या वाड्यातल्या आजीसारखी: कपाटाची किल्ली डब्यात, डब्याची किल्ली ट्रंकेत आणि ट्रंकेची कमरेला. फाइल एका किल्लीनं बंद होते, ती किल्ली तुमच्या सर्टिफिकेटनं बंद होते, आणि सर्टिफिकेटची खासगी किल्ली तुमच्या लॉगिन पासवर्डच्या आड बसते. सर्टिफिकेट राहतं सी ड्राइव्हवर. फॉरमॅट मारला की आजीच गेली.

फॉरमॅटही लागत नाही. पासवर्ड विसरला म्हणून हुशार भाच्यानं ॲडमिनमधून तो रीसेट केला, तरी घरच्या मशीनवर हीच गत होते. फरक इतकाच, की जुना पासवर्ड आठवला तर तो परत लावून फायली उघडता येतात. पण जुना आठवत असता तर भाच्याला चहा-पोहे कशाला केले असते?

हे होऊ नये म्हणून विंडोज पहिल्याच दिवशी घड्याळापाशी विनवतं, की किल्लीचा बॅकअप घ्या. सगळे तो निरोप अँटीव्हायरसच्या जाहिरातीइतक्याच प्रेमानं बंद करतात. काही शिस्तीचे लोक मात्र .पीएफएक्स फाइल काढतात, तिला पासवर्ड देतात आणि सुरक्षित जागी ठेवतात. सुरक्षित जागा, अर्थात, तोच एन्क्रिप्ट केलेला फोल्डर.

(विंडोजच्या होम आवृत्तीत एन्क्रिप्ट करायचा पर्याय दिसतो, पण करडा, टिक होत नाही. तरी घरोघरी लोक यात अडकतात, कारण आपल्याकडे दुकानदार सगळ्यांना प्रोच टाकून देतो. कसा, ते विचारू नये.)

काकांची पुढची मागणी रीतसर होती: “काहीतरी क्रॅक असेल ना?” आता या कुलपात एईएस-२५६ असतं, आणि त्याच्या शक्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. सगळ्या लावून बघायच्या म्हटलं तर सूर्य आधी विझेल. एक धागा असतो. जुन्या किल्लीचे अवशेष डिस्कवर शिल्लक असतील आणि जुना पासवर्ड ठाऊक असेल, तर काही सॉफ्टवेअरं ती खणून काढू शकतात. त्यासाठी फॉरमॅटनंतर मशीनला हात लावायचा नसतो. काकांच्या मशीनवर तोवर ऑफिस, दोन अँटीव्हायरस आणि ‘भावगीते ऑल हिट्स’ असा थर बसला होता.

आणि एवढं आत होतं काय? आधार, पॅन, पासबुक यांचे स्कॅन. त्याच आधारची झेरॉक्स काकांनी महाबळेश्वरच्या लॉजपासून सिमकार्डच्या छत्रीखालच्या मुलापर्यंत सगळ्यांना वाटलेली. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं, त्याला तुमचं नाव आणि जन्मसाल ठाऊक नसावं एवढीच अट. त्यात काकांचं मशीन दिवसभर लॉगिन अवस्थेतच असायचं. लॉगिन असताना ईएफएस काही विचारत नाही, समोर बसेल त्याला गुपचूप उघडून देतं. नातू त्याच फोल्डरशेजारी गेम सेव्ह करायचा.

आपल्या स्वभावाला मानवणारं कुलूप वेगळंच आहे. ‘लॉकर’ नावाची ती बॅच फाइल वर्षानुवर्षं फिरते आहे. ती एन्क्रिप्ट वगैरे काही करत नाही. फोल्डरला कंट्रोल पॅनेलचा मुखवटा चढवते आणि दोन ॲट्रिब्यूट लावून दडवते. पासवर्ड विसरलात तर फाइलवर राइट क्लिक करून एडिट दाबायचं, नोटपॅडमध्ये तो स्वच्छ लिहिलेला सापडतो. चोरालाही सापडतो, पण आपलं काम अडत नाही ना!

काकांच्या फायली गेल्या त्या गेल्याच. काकूंच्या नव्या लॅपटॉपनं मात्र वेगळी गंमत केली. २०२४च्या विंडोज ११पासून नव्या मशीनवर, होम आवृत्तीतसुद्धा, डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होतं. काकूंनी काहीच केलं नव्हतं. बायॉस अपडेट झालं आणि निळ्या पडद्यानं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती की सेटअपच्या वेळी दिलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते, आणि सेटअप दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलवर उरकला होता, ‘काकू, पुढं कटकट नको’ म्हणून.

काकांनी फोन लावला. दुकानदाराच्या अकाउंटमध्ये निम्म्या पेठेतल्या लॅपटॉपांच्या किल्ल्या ओळीनं निघाल्या. त्यानं फोन स्पीकरवर टाकून भर दुकानात सहा-सहा आकडे मोठ्यानं वाचायला घेतले. प्रत्येक गटाला ११नं भाग जावा लागतो, त्यामुळे एक आकडा चुकला की पडदा तिथंच अडवायचा. चौथा गट दुसऱ्यांदा अडला, तेव्हा काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं आकडा दुरुस्त करून दिला.