पंखा कुणाच्या डोक्यावर

तात्या बँकेत शिरले की आधी वर बघतात. पंखा कुणाच्या डोक्यावर आहे, ते. पंखा काउंटरच्या आत फिरत असेल आणि गिऱ्हाईक बाहेर घाम पुसत उभं असेल, तर तात्या व्याजाचा दर विचारायच्या भानगडीतच पडत नाहीत. "वारं जिकडं, बँक तिकडची," एवढं म्हणून माघारी वळतात.

पंखा मधोमध असला तर पुढची परीक्षा बाकड्याची. त्यानंतर पासबुक भरायचं मशीन. ते बंद असलं तर तात्या रागावत नाहीत, यंत्र आहे, बिघडायचंच. ते फक्त त्यावर चिकटवलेला 'मशीन बंद आहे' हा कागद जवळ जाऊन बघतात. कागद पांढरा असेल तर बँक पास. पिवळा पडून त्याच्या कडा मुडपल्या असतील तर नापास.

नीरा-बारामती रस्त्यावरच्या आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकात हा माणूस आहे, म्हणजे तुमच्याही गावात असणारच. तुमच्याकडं त्याला अण्णा म्हणत असतील, आबा म्हणत असतील. आम्ही तात्या म्हणतो. वय साठीच्या पुढं, अडीच एकर ऊस, नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आणि बंडीच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावलेली चार पासबुकं. मोटर कुठल्या कंपनीची घ्यावी हे लोक दुसऱ्याला विचारतात, पण पोराचं खातं कुठं काढावं हे विचारायला तात्यांच्याच ओट्यावर येतात. तात्या एका वाक्यात उत्तर देत नाहीत. आधी चहा, मग चारही पासबुकांचं दर्शन आणि मग दहा तारखेची गोष्ट.

तात्यांचं बँकेचं शिक्षण दहा तारखेच्या शाळेत झालं. आजच्या पोरांना ही शाळा माहीत नाही. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर मिळत नसे. महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणजे पैसे दहाच्या आत भरले पाहिजेत आणि एक तारीख उजाडेपर्यंत हलवता कामा नयेत. बाराला भरलेला रुपया त्या महिन्यापुरता बिनपगारी. लोक एकादशी धरायचे, तात्या दहा तारीख धरायचे. एकदा मेव्हणा बारा तारखेला हातउसने मागायला आला. तात्या म्हणाले, "एक तारखेला ये." मेव्हणा म्हणाला, "लग्न वीसला हाय." तात्या म्हणाले, "मग लगीन पुढं ढकल." मेव्हण्यानं लग्न ढकललं नाही, पण तात्यांचं आमंत्रण तेवढं ढकललं.

१ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजायला लागले आणि तात्यांची अर्ध्या आयुष्याची कला एका रात्रीत मातीमोल झाली. ते महिनाभर सुतकात असल्यासारखे बसून होते. पण देव एक दार लावतो आणि रिझर्व्ह बँक दुसरं उघडते. ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचा दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली. तोवर मोठ्या बँकांत सगळीकडं एकच दर. निवडायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तर माणूस पंखा बघायचा! आता दरही बघावा लागणार होता. तात्यांनी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

आज त्यांना सगळे दर तोंडपाठ आहेत. स्टेट बँकेनं जून २०२५ मध्ये बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला, पोस्टात अजून चार टक्के. दहा हजार रुपये वर्षभर ठेवले तर इकडं अडीचशे, तिकडं चारशे. पोराटोरांना वाटतं पोस्ट जिंकलं. तात्या बोट वर करतात. "पोस्टात पाचशेच्या खाली गेलास, तर मार्चअखेरीला पन्नास कापत्यात. व्याज समोरनं येतं, चार्ज मागच्या दारानं जातो. राखण मागच्या दाराची करायची."

या मागच्या दाराशी तात्यांचं खरं आयुष्य गेलं आहे.

एका बँकेनं त्यांच्या खात्यातून मेसेजचे पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे १७ रुपये ७० पैसे कापले. कुठली बँक ते सांगत नाही, तात्यांचं तिथं अजून जाणंयेणं आहे. तात्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर.

"मॅडम, हे सतरा सत्तर कशाचे?"

"एसएमएसचे, तात्या. तिमाहीचे."

"तिमाहीत मला मेसेज आले अकरा. त्यातले चार तुमचेच, कर्ज घ्या म्हणून. दोन सणाच्या शुभेच्छा. एक ह्यो, पैसे कापले म्हणून सांगणारा. ऱ्हायले चार. चार मेसेजचे सतरा सत्तर?"

"ते सिस्टीम आपोआप कापते, तात्या."

"मग सिस्टीमला बोलवा."

मॅडम हसल्या. तात्या हसले नाहीत. मेसेजचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणं घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगून ठेवलं आहे, हे तात्यांना ठाऊक होतं आणि मॅडमना नव्हतं. अशा वेळी तात्या आवाज चढवत नाहीत, उलट उतरवतात. अगदी देवळात बोलावं तशा आवाजात ते एक शब्द उच्चारतात, "लोकपाल." दिल्लीतल्या लोकपालासाठी राळेगणच्या अण्णांना उपोषणं करावी लागली, पण बँकेचा लोकपाल १९९५ पासून आहे. आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची, तीस दिवस वाट बघायची, मग त्याच्याकडं जायचं, तेही फुकट. 'फुकट' हा शब्द उच्चारताना तात्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते काकड आरतीलाही येत नाही. शब्द ऐकून साहेब केबिनबाहेर आले. खुर्ची आली, चहा आला आणि चौथ्या खेपेला १७ रुपये ७० पैसेही आले.

चार खेपांचं पेट्रोल किती झालं, हे तात्यांना विचारू नका. त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. त्यांच्या डायरीत दोन रकाने आहेत. डावीकडं 'वसुली', त्यात १७.७०. उजवीकडं पेट्रोलचा आकडा, तीन अंकी. त्या रकान्याचं नाव आहे 'करमणूक'.

किमान शिलकेच्या अटीवर तर त्यांनी प्रबंध लिहावा. एका बँकेत महिन्याची सरासरी तीन हजार ठेवायची अट होती. लोक बिचारे तीन हजार रुपये महिनाभर अडकवून ठेवत. तात्यांनी 'सरासरी' हा शब्द धरला. उसाचं बिल आलं की नव्वद हजार रुपये एका रात्रीपुरते त्या खात्यात मुक्कामाला. नव्वद भागिले तीस, सरासरी तीन. उरलेले एकोणतीस दिवस खातं रिकामं आणि दंड शून्य. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये ही अट उठवली, पुढं २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही उठवली. गाव खूश झालं, तात्या खिन्न. "खेळ बंद पडला की रं," म्हणाले.

एटीएमचं दुःख वेगळं. आपल्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच वेळा फुकट, पुढं मे २०२५ पासून प्रत्येक वेळेला तेवीस रुपयांपर्यंत, वर जीएसटी. हे तात्यांना मान्य आहे. मान्य नाही ते हे, की पैसे न काढता नुसती शिल्लक बघितली तरी त्या पाचातली एक खेप खर्ची पडते. "बाजारात म्हशीचं दात मोजलं तरी कुणी पैसं मागत न्हाय. आन् हितं माझीच म्हस, मीच बघायची, आन् मोजणार ह्येंनी?"

पण याच मशीननं त्यांना आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद द्यायचा बेत केला होता. एकदा चार हजार काढायला गेले. खात्यातून वजा झाले, मशीनमधून आले नाहीत. दुसरा असता तर बोंबलत सुटला असता. तात्या घरी आले आणि त्यांनी काकूंना गोड शिरा करायला सांगितला. कारण नियम असा, की असे पैसे बँकेनं पाच दिवसांत परत जमा करायचे आणि नाही केले तर पुढं रोजचे शंभर रुपये भरपाई. रोज शंभर! चारा नाही, पेंड नाही, धार काढायची नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. "ही लोकं एवढ्यात कुठली देतात!" चौथ्या दिवशी तात्यांनी एका महिन्याचा हिशेब मांडला. पाचव्या दिवशी रात्री आठला फोन वाजला. चार हजार जमा. तात्या कितीतरी वेळ फोनकडं बघत राहिले. "घात केला," म्हणाले. "येळेवर काम केलं!"

नव्या बँकेचा बारामतीतला टायवाला पोरगा एकदा त्यांना गाडीत घालून शाखा दाखवायला घेऊन गेला. दार उघडायला माणूस, पाण्याची बाटली, 'सर, सर'. तात्यांनी सवयीनं वर बघितलं आणि दचकले. पंखाच नव्हता. आत-बाहेर सगळीकडं सारखाच गारवा. सेवेत काही खोट काढायला जागा नाही, म्हणून पोरगा खुशीत. तात्या हळूच म्हणाले, "बाळा, एवढ्या गारव्याचं बिल कुणाच्या खात्यातनं जातं?" मग त्यांनी शुल्कांचा छापील तक्ता मागितला. तो कुणी कधी मागितलाच नव्हता, त्यामुळं सापडायला अर्धा तास लागला. दहा हजारांची किमान शिल्लक, ठरावीक खेपांनंतर रोख भरायचं शुल्क, चौदा दिवसांनंतर वर्षाच्या आत खातं बंद केलं तर त्याचंही शुल्क. "लग्नाला खर्च हाय, नांदायला खर्च हाय, आन् सोडचिठ्ठीलाबी हाय," असं म्हणून तात्या उठले. पाण्याची बाटली तेवढी घेऊन आले.

पतसंस्थेवाले त्यांच्याकडं दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन येतात. दर चढा, पिग्मीवाला रोज दारात, ओळखीचा, काकूंची तब्येत विचारणारा. सेवेच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर. तात्या कॅलेंडर घेतात, चहा पाजतात आणि विचारतात, "इमा हाय का?" २०१९ मध्ये मुंबईतल्या पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले आणि लोकांना स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला हजाराच्या वर रुपये काढता येईनात, ते चित्र टीव्हीवर बघितल्यापासून तात्यांनी हा प्रश्न पाठ केला आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारं विम्याचं कवच ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. त्यात सहकारी बँका येतात, पतसंस्था येत नाहीत. आणि कवच दर बँकेला पाच लाख, म्हणून तात्या चार बँकांत पैसे वाटून ठेवतात. चारही पासबुकांची बेरीज एक लाखाच्या वर कधी गेलेली मी पाहिलेली नाही. पण पूर यायच्या आधी बांध घालावा.

परवा त्यांच्या ओट्यावर मी सहज विचारलं, "तात्या, एवढं पारखता, मग उसाचं बिल ज्या बँकेत येतं, ती कशी पारखली?"

तात्या पासबुकांचं रबर ताणत बसले. बराच वेळ बोलले नाहीत.

आमच्याकडं हे सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून कुणी विचारत नाही. पीककर्ज गावच्या सोसायटीचं, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा आणि ती जिल्हा बँक १९१७ सालची. ऊस कारखान्याला गेला की बिल निघतं, त्यातून सोसायटीची वसुली आधी होते आणि उरेल ते आपलं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं की व्याज शून्य, म्हणजे वाईट काही नाही. फक्त त्यात निवडायचं काही नाही. तात्या आयुष्यभर पारख करत आले ते या उरलेल्या पैशांपुरती.

"ती मी निवडली न्हाय," शेवटी तात्या म्हणाले. "माझ्या बापानंबी न्हाय. ती जमिनीसंगं आली. बोजा सातबाऱ्यावरच असतोय न्हवं? ती भावकी हाय, लेका. भावकीत कुणी कुणाला निवडत न्हाय."

"आणि ह्या चार?"

तात्यांनी पिशवी खिशात सारली, वरनं थोपटली आणि पहिल्यांदाच हसले.

"ही सोयरिक. भावकीत तुला कुणी बस म्हणतं का? सोयऱ्याकडं गेलं की निदान पंखा तरी आपल्याकडं वळवत्यात."